स्मार्टवॉच ‘रिसेट’ करताना क्रम पाळायला हवा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास ‘जुने द्या, नवे घ्या’ योजनांचा सुकाळ होतो आणि आता त्यात फोनच्या जोडीला मनगटावरची स्मार्टवॉचही आली आहेत. मुलीने नवे घड्याळ घेतले की जुने वडिलांच्या हाती येते, कुणी ते ओळखीच्या माणसाला विकतो, तर कुणी दुकानातच देऊन किमतीत सूट मिळवतो. या तिन्ही प्रसंगी काउंटरवर एकच सल्ला मिळतो, ‘रिसेट मारून घ्या’. घड्याळ अडकले, चार्जिंग लवकर उतरू लागले किंवा फोनशी जोडणी तुटली, तरीही हाच सल्ला. आमच्या भागातील ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइलसंबंधीच्या अडचणी सोडवायला मी बसतो. तिथे येणाऱ्या घड्याळांपैकी बरीच अशी अर्धवट रिसेट केलेली असतात, म्हणून हे पत्र.

फॅक्टरी रिसेट म्हणजे घड्याळातली सगळी माहिती पुसून ते कारखान्यातून निघाले तसे करणे. पण स्मार्टवॉच हे एकटे यंत्र नाही. त्याचा एक धागा फोनमधल्या ॲपशी, दुसरा फोनच्या ब्लूटूथ यादीशी आणि तिसरा कंपनीकडच्या आपल्या अकाउंटशी बांधलेला असतो. घड्याळाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन रिसेट केल्याने हे तीनही धागे सुटतीलच असे नाही. म्हणून आधी घड्याळातली माहिती फोनवर सिंक करून म्हणजे उतरवून घ्यावी, मग फोनच्या ॲपमधून घड्याळ अनपेअर करावे, म्हणजे त्याची जोडणी सोडवावी आणि एवढे करूनही ते पुसले गेले नसेल तरच त्याच्या स्वतःच्या मेनूतून रिसेट करावे. बहुतेक लोक नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात.

याचा सर्वाधिक फटका ॲपल वॉचच्या बाबतीत बसतो. आमच्या संघाच्या एका सदस्याने एका दुकानातून वापरलेले ॲपल वॉच घेतले. घड्याळ स्वच्छ, पट्टा नवा आणि पडद्यावर भाषा निवडण्याची सुरुवातीची पाटी, म्हणजे सगळे पुसलेले. घरी येऊन आयफोनशी जोडायला घेतले, तेव्हा आधीच्या मालकाचा ॲपल अकाउंट आणि पासवर्ड मागणारी पाटी समोर आली. आधीचा मालक कोण, हे दुकानदाराला ठाऊक नव्हते. पैसे परत मिळायला बरीच हुज्जत घालावी लागली आणि तेही पूर्ण मिळाले नाहीत.

आधीच्या मालकाचा पासवर्ड मागणारे हे कुलूप म्हणजे ॲक्टिव्हेशन लॉक. ते 2015 साली वॉचओएस या ॲपल वॉचच्या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आले. चोरलेले घड्याळ चोराच्या कामाचे राहू नये हा त्याचा हेतू आणि तो योग्यच आहे. मात्र घड्याळाच्या सेटिंग्जमधील ‘जनरल’मध्ये जाऊन रिसेट केल्यास माहिती पुसली जाते, पण हे लॉक तसेच राहते. घड्याळाचा पासकोड विसरल्यास ते चार्जरवर ठेवून, बाजूचे बटण आणि मग मुकुट (कडेची गोल फिरती कळ) दाबून रिसेट करण्याची जी सोय आहे, तिनेही लॉक निघत नाही. योग्य मार्ग आयफोनमधल्या वॉच ॲपमधून जातो. घड्याळ आणि फोन जवळजवळ ठेवावेत, ॲपमध्ये ‘ऑल वॉचेस’वर जाऊन आपल्या घड्याळासमोरील ‘आय’ हे चिन्ह दाबावे, ‘अनपेअर’ निवडावे आणि विचारल्यावर ॲपल अकाउंटचा पासवर्ड द्यावा. या मार्गाने घड्याळाच्या सेटिंग्जचा बॅकअप आयफोनवर आपोआप घेतला जातो, घड्याळ पुसले जाते आणि लॉकही निघते.

आयफोन हाताशी नसेल, तर कोणत्याही संगणकावरून आयक्लाउडच्या संकेतस्थळावर ‘फाइंड डिव्हायसेस’मध्ये जाऊन घड्याळ पुसता येते आणि अकाउंटमधून काढताही येते. घड्याळ आधीच विकून टाकले असेल आणि घेणाऱ्याचा फोन आला, तरी मूळ मालकाला घरबसल्या हे करता येते, त्यासाठी कुणाला पासवर्ड सांगण्याची मुळीच गरज नाही. मात्र घड्याळ हरवले किंवा चोरीला गेले असेल, तर ते अकाउंटमधून काढून टाकू नये. काढल्याबरोबर लॉकही निघते आणि चोराचे काम सोपे होते. अशा वेळी ते ‘लॉस्ट’ म्हणून नोंदवायचे असते.

सिम असलेल्या घड्याळाबाबत आणखी एक बाब. आपल्याकडे 2018 पासून ॲपल वॉचमध्ये ई-सिमची, म्हणजे घड्याळातच अंतर्भूत असलेल्या सिमची, सोय मिळू लागली. अनपेअर करताना फोन विचारतो की ही सेवा ठेवायची की काढायची. तेच घड्याळ त्याच फोनशी पुन्हा जोडायचे असेल, तर ठेवावी. विकायचे असेल तर काढावी आणि त्यानंतर मोबाइल कंपनीला वेगळे कळवून घड्याळाची जोडणी बंद झाल्याची खात्री करावी. घड्याळातून ई-सिम पुसले गेले म्हणजे कंपनीकडची सेवाही बंद झाली, असे गृहीत धरू नये.

इतर कंपन्यांची तऱ्हा थोडी वेगळी आहे, तत्त्व तेच. गॅलेक्सी वॉचमध्ये रिसेट ‘जनरल’मध्ये सापडते, पण त्याआधी फोनमधल्या गॅलेक्सी वेअरेबल ॲपमधून बॅकअप घ्यावा. अमेझफिटची घड्याळे झेप या ॲपमधील अकाउंटशी बांधली जातात, म्हणून ती ॲपमधूनच सोडवावीत, नाहीतर नव्या मालकाला जोडणीच्या वेळी अडथळा येतो. गार्मिनने मात्र शहाणपणाची सोय ठेवली आहे. तिच्या अनेक घड्याळांत केवळ सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणे आणि माहितीसकट सगळे पुसणे, असे दोन स्वतंत्र पर्याय मिळतात. घड्याळ स्वतःकडेच ठेवायचे असेल तर पहिला पर्याय पुरतो, त्यात धावण्या-चालण्याच्या नोंदी शाबूत राहतात. दुसरा पर्याय निवडण्याआधी गार्मिन कनेक्ट या तिच्या ॲपशी सिंक केलेच पाहिजे, कारण फोनवर न उतरलेली नोंद त्यानंतर कुठूनही परत मिळत नाही. अशी सोय सर्वच कंपन्यांनी का देऊ नये, असा प्रश्न पडतो.

आपल्या बाजारात सर्वाधिक दिसणारी घड्याळे मात्र दोन-तीन हजारांच्या आतली, ब्लूटूथवरून फोन घेता येणारी. यांत लॉक वगैरे काही नसते, रिसेट एका मिनिटात होते आणि खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रिसेट केलेले घड्याळ फोनला पुन्हा जोडले जात नाही आणि लोक ते बिघडले समजून दुरुस्तीला नेतात. कारण साधे आहे. फोनच्या ब्लूटूथ यादीत जुनी जोडणी अजून नोंदलेली असते, घड्याळ मात्र ती विसरलेले असते, त्यामुळे दोघांचा मेळ बसत नाही. फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये जाऊन घड्याळाच्या नावावर ‘फरगेट’ किंवा ‘अनपेअर’ करावे लागते. त्यातही गंमत अशी की या घड्याळांची त्या यादीत पुष्कळदा दोन नावे असतात, एक ॲपसाठीच्या जोडणीचे आणि दुसरे कॉलसाठीचे, बहुधा एखादे अक्षर किंवा शब्द इकडेतिकडे असलेले. लोक एक नाव काढतात आणि दुसरे तिथेच राहते. दोन्ही काढून फोन एकदा बंद-चालू केला की बहुतेक घड्याळे निमूटपणे जोडली जातात.

रिसेट सुरू असताना घड्याळ मध्येच बंद पडू नये, म्हणून ते चार्जरवर ठेवणे उत्तम. स्वस्त घड्याळांच्या चुंबकी चार्जरच्या टाचण्यांवर आणि घड्याळाच्या पाठीवरील ठिपक्यांवर घामाचा हिरवट-काळा थर बसलेला असतो, तेव्हा पडद्यावर चार्जिंगची खूण खरोखर दिसते आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

पुष्कळदा रिसेटची गरजच नसते. घड्याळ अडकल्यास आधी ते जबरीने बंद-चालू करून पाहावे. ॲपल वॉचमध्ये बाजूचे बटण आणि मुकुट एकत्र किमान 10 सेकंद, कंपनीचे चिन्ह दिसेपर्यंत दाबून ठेवावेत. गॅलेक्सी वॉचमध्ये दोन्ही बटणे 7 सेकंदांहून अधिक काळ दाबावीत. याने काहीही पुसले जात नाही. सॉफ्टवेअर अपडेट चालू असताना मात्र हा उपाय करू नये. नवा फोन घेतला म्हणून जुने घड्याळ रिसेट केलेच पाहिजे, हे सांगणेही आता सरसकट खरे नाही. गूगलच्या वेअर ओएस या घड्याळांसाठीच्या प्रणालीच्या 2023 मधील चौथ्या आवृत्तीपासून घड्याळ न पुसता नव्या फोनवर नेण्याची सोय झाली आहे. तरी काउंटरवर अजून जुनाच पाठ चालू आहे.

आता मुख्य चिंतेची बाब. रिसेटने घड्याळ पुसले जाते, कंपनीच्या सर्व्हरवर गेलेली माहिती तशीच राहते. नाडीचे ठोके, झोपेच्या वेळा, रोजच्या फेरफटक्याचा नकाशावरील मार्ग, हे सगळे आपल्या अकाउंटमध्ये साठत असते. ही माहिती किती बोलकी असते, ते जानेवारी 2018 मध्ये जगाने पाहिले. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांवर धावणाऱ्या सैनिकांचे मार्ग उघड झाले होते. तुमच्या-आमच्या बाबतीत त्यातून घर कुठे आहे आणि ते रोज किती वाजता रिकामे असते, एवढे तरी कळतेच. त्यामुळे एखाद्या कंपनीचे घड्याळ कायमचे सोडायचे असेल, तर हव्या त्या नोंदी उतरवून घेऊन ॲपमधील अकाउंट स्वतंत्रपणे बंद करावे. फोनमधून ॲप काढल्याने अकाउंट बंद होत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे, पण अनेक ॲपमध्ये ‘डिलीट अकाउंट’चा पर्याय असा खोल दडवलेला असतो की शोधणारा थकून जावा.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. मुलीचे घड्याळ रिसेट न करताच वडिलांनी वापरायला घेतले, तर त्यांच्या नाडीच्या नोंदी मुलीच्या नावावर जमा होत राहतात. डॉक्टरांना दाखवायची वेळ आली की दोघांच्या नोंदी वेगळ्या काढणे अशक्य होते. ॲपल वॉचमध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. वापरणाऱ्याचे वय 55 किंवा अधिक असल्यास, पडल्याचे ओळखून मदत बोलावणारी सोय जोडणीच्या वेळी आपोआप चालू होते. मुलीच्या जन्मतारखेवर चालणारे घड्याळ वडिलांना तरुण समजते. म्हणून ज्येष्ठांना घड्याळ देताना ते रीतसर सोडवून, त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच जन्मतारखेसह नव्याने जोडावे आणि तातडीच्या संपर्काचे क्रमांक पुन्हा भरावेत.

ज्या घड्याळाचा पडदाच गेला आहे, ते अकाउंटमधून काढून ई-कचरा संकलनात द्यावे. आत लिथियमची बॅटरी असल्याने ते घरच्या सुक्या कचऱ्यात टाकणे धोक्याचे आहे.

यात ग्राहकाची जबाबदारी आहेच, पण विक्रेत्यांची अधिक आहे, कारण जुनी घड्याळे घेणे-विकणे हा त्यांचा व्यवसाय आहे. खोक्यात मिळणारी माहितीपुस्तिका बहुधा मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत असते. महाराष्ट्रात घड्याळे विकणाऱ्या कंपन्यांनी अनपेअर आणि रिसेटचा क्रम मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत एका पानावर छापून देण्यास फार खर्च येणार नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यावर दुरुस्तीच्या माहितीबरोबर हाही मजकूर भारतीय भाषांत असायला हरकत नाही.

तोवर वापरलेले घड्याळ घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी दुकानात उभे राहूनच ते आपल्या फोनशी शेवटपर्यंत जोडून पाहावे. केवळ सुरुवातीची पाटी दिसली यावर विसंबू नये, कारण लॉक असेल तर ते जोडणीच्या वेळीच समोर येते. दुकानदार ‘नंतर होईल’ म्हणत असेल, तर व्यवहारही नंतरच करावा. आणि पावतीवर घड्याळाचा अनुक्रमांक व ‘आधीच्या मालकाच्या अकाउंटमधून मुक्त’ एवढे शब्द दुकानदाराकडून लिहून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, पुणे