वाडा ठेवून हॉटेल करा की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आपल्या शहरातल्या गुलमंडी, औरंगपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांवर आलेलं पान वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

मागं पुतणीच्या लग्नाला अहमदाबादला गेलो होतो. तिथं ऐन गावात, लाल दरवाजाला, सिदी सय्यद मशिदीच्या समोरच हाऊस ऑफ एमजी म्हणून हॉटेल आहे, पाहुण्यांनी जेवायला नेलं. मला वाटलं नवीनच बांधून जुन्याचा लुक दिला असेल, पण तसं नाही, 1924 ची हवेली आहे ती, मंगलदास गिरधरदास नावाच्या कापड गिरणीवाल्या शेठजींची, आणि त्यांच्याच पणतूनं तिचं हॉटेल केलंय. गच्चीवर गुजराती थाळी. वाढणारा आग्रह करून करून वाढायला आणि माझ्या डोक्यात आपलं एकच, की घर विकलं नाही, पाडलं नाही, उलट घरच कमवून घराचा खर्च भागवतंय. समोरची मशीद 1573 ची, दगडात कोरलेल्या झाडाच्या जाळीची. ती बांधणारा सिदी सय्यद हबशी, आणि आपलं खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, 1610 ला वसवणारा मलिक अंबर पण हबशीच. हे जुनं अहमदाबाद 2017 ला युनेस्कोच्या यादीत गेलं. आपण अजून शहराचे जुने दरवाजे मोजत बसलोत.

आता आमच्या गल्लीचं ऐका. सात खणांचा वाडा होता, माळवदाचा म्हणजे मातीच्या सपाट छताचा, सागवानी खांब, ओसरीच्या कडेला धान्य साठवायचं बळद, लहानपणी आम्ही त्यात लपायचो आणि मार खायचो. मालकाला दोष देत नाही मी. माळवदावर दरवर्षी पांढरी माती टाकावी लागते, ती टाकणारे गडी आता मिळत नाहीत, पावसाळा आला की घरभर पातेली मांडून बसायचं, वर पाच भावांच्या वाटण्या. विकला त्यांनी. घेणाऱ्यानं पाडून चार मजली लॉज केलं, पुढून सगळी काच, आणि बोर्डावर काय तर ‘हेरिटेज’! हसावं का रडावं.

माझं म्हणणं एवढंच की हॉटेल करायचंच तर वाडा ठेवून करा, चौकाभोवतीच्या खोल्या म्हणजे हॉटेलसाठी आयत्याच आहेत की. वेरूळ अजिंठ्याला येणारा पाहुणा काचेच्या डब्यात राहण्यापेक्षा ओसरीवर चहा घेईल, दोन पैसे जास्त देईल. महापालिकेनं अशा मालकाला परवानग्यांसाठी चकरा मारायला लावू नयेत, आणि हॉटेलवाल्यानं दारावर वाडा कुणाचा, कोणत्या सालचा, हे खरं खरं लिहावं, राजेरजवाड्यांच्या थापा नकोत.

परवा त्या लॉजवर एका पाहुण्याला सोडायला गेलो तर वाड्याची गणेशपट्टी, म्हणजे दारावरची गणपती कोरलेली पट्टी, दिसली. दिंडी दरवाजावरची, आमच्या समोर दिवाळीला तेलपाणी व्हायचं तीच. लावलीय कुठं, तर जेन्ट्स टॉयलेटकडं जाणाऱ्या दारावर. मॅनेजरला म्हणलं बाबा निदान ही तरी काढून समोर लाव, तर म्हणतो, काका तिथं फॉल्स सीलिंगला कलर मॅच होत नाही.

आपला,
एक जुना वाचक
छत्रपती संभाजीनगर