प्रोपोलिस कुठले, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रोपोलिसवरच्या, म्हणजे मधमाश्या पोळ्याच्या फटी बुजवायला वापरतात त्या राळेच्या चिकट पदार्थावरच्या, लेखांत ‘यात अमुक द्रव्य असते, म्हणून ते तमुक आजारावर गुणकारी’ असे एका दमात लिहिलेले असते. ते प्रोपोलिस कुठले, हे सहसा कोणी सांगत नाही. माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.

मेण मधमाशीच्या अंगातून येते, प्रोपोलिसचे तसे नाही. कळ्यांवर, कोवळ्या पानांवर, सालीच्या चिरांत पाझरलेली राळ माशी जबड्याने ओरबाडते आणि मागच्या पायांवर लादून आणते. ती इतकी चिकट, की आणणारीला स्वतःला उतरवता येत नाही. घरच्या माश्या ती ओढून काढतात, मेणात कालवतात आणि फटी बुजवतात. तेव्हा झाड बदलले की रसायनही बदलणारच.

युरोपात ही राळ मुख्यतः काळ्या पॉप्लरच्या कळ्यांची. तिच्यात क्रायसिन, गॅलँगिन, पिनोसेम्ब्रिन ही फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींतल्या संयुगांचा एक गट) आणि कॅफेइक आम्लाची एस्टर (त्या आम्लापासून बनलेली संयुगे). ग्रीसमध्ये सुरूसारख्या सायप्रसची राळ मिसळते आणि डायटर्पिन ही राळेतली संयुगे वाढतात. ओकिनावा आणि तैवानमध्ये मॅकरँगा हे झाड, क्युबात क्लुसिया या झाडाची फुले. ब्राझीलमध्ये तर एकाच देशात दोन तऱ्हा! मिनास जेराइसचे हिरवे प्रोपोलिस बॅकॅरिस या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांचे, त्याची खूण आर्टेपिलिन सी हे द्रव्य. ईशान्येकडच्या अलागोआसमध्ये माश्या खारफुटीलगत वाढणाऱ्या, शिसवीच्या जातकुळीतल्या झुडपाचा लाल चीक गोळा करतात. त्यात आयसोफ्लॅव्होनॉइड्स असतात. या लाल प्रोपोलिसला २०१२ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

जंतू मारण्याचे काम यांतली बहुतेक प्रोपोलिस करतात, पण वेगवेगळ्या द्रव्यांच्या बळावर. माशीला तेवढे पुरते. औषध म्हणून घेणाऱ्याला कसे पुरेल? आर्टेपिलिन सी वर झालेल्या प्रयोगाचे श्रेय पॉप्लरच्या अर्काला देता येत नाही, कारण ते द्रव्य त्यात नसतेच म्हटले तरी चालेल. त्रासाचेही तसेच. पॉप्लरच्या प्रोपोलिसमुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, त्यामागे मुख्यतः कॅफेइक आम्लाची ही एस्टर असतात. अशा माणसाला बाटलीत कुठल्या झाडाची राळ आहे, हे कळायलाच हवे.

म्हणून विनंती, की यापुढे प्रोपोलिसवरच्या संशोधनाची बातमी देताना प्रदेश आणि झाड यांची नावे बातमीतच द्यावीत. संशोधक आपल्या निबंधात बहुधा ती देतात, बातमी होताना मात्र ती गळतात. उत्पादकांनीही वेष्टनावर नुसते ‘शुद्ध प्रोपोलिस’ न छापता मूळ झाड आणि मुख्य घटकांचे प्रमाण छापावे.

आपला,
एक नियमित वाचक