रविवारची चालफेरी : येण्याआधी एवढं बघा

मंडळी, मधुमेह असणाऱ्या आपल्या गटाच्या चालफेरीसाठी येत्या रविवारी सकाळी ६.३० ला ठाण्याच्या तलावपाळीवर, बोटिंगच्या धक्क्यापाशी जमायचं आहे.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) घेणाऱ्यांनी घरून निघण्याआधी रक्तातली साखर तपासावी. ९० (mg/dL) च्या खाली असेल तर केळं खाऊनच निघा. उपाशीपोटी चालण्याचं शौर्य नको. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच चालू नका, ते रक्तात लवकर उतरतं. वाटेत घाम, थरथर जाणवली (साखर फार उतरल्याची ही लक्षणं) तर थांबा, ३ चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी खिशात हवीच.

मोजे-बूट घाला, चपला नकोत.

आठवड्याची पावलांची नोंद आणा. (फोन चार्जिंगला लावून फिरलात तर पावलं शून्यच दिसणार!) वजन सकाळी, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर करा.