शिक्षा वाढली की कच्ची कैदही वाढते

महोदय,

तुरुंगातल्या गर्दीचा विषय निघाला की ‘नवे तुरुंग बांधा’ इथेच चर्चा थांबते. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत 4,36,266 जणांच्या जागेत 5,73,220 कैदी होते. त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे खटला न संपलेले. शिक्षा कडक केल्याचा भार आधी यांच्यावरच पडतो.

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 479 पाहा. पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या आरोपीने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं, इतरांना निम्म्यावर जामीन. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणून एका वर्षात सुटका. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला 14 वर्षं, म्हणजे तेच गणित 4 वर्षं 8 महिन्यांवर जातं. त्यातही घरफोडीच्या एफआयआरमध्ये चोरीचं कलम जोडलेलं असतंच आणि 479(2) म्हणतं, एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर ही सुटका नाही. एकाच रात्रीची घटना, पण कलमं दोन, म्हणून माणूस आतच!

जुन्या संहितेच्या कलम 436-अ मध्ये अशा सवलतीतून फक्त फाशीचे गुन्हे वगळले होते. आता जन्मठेपेचेही वगळलेत. कोयत्याच्या वाराने हाड मोडलं तर न्याय संहितेचं कलम 118(2), म्हणजे घातक हत्याराने गंभीर दुखापत, लागतं, त्यात जन्मठेप लिहिलेली असल्यामुळे सवलतच संपते. मग न्यायालय अशा गुन्ह्यात बहुधा किती शिक्षा देतं, याला अर्थ उरत नाही.

अमली पदार्थांच्या कायद्यात तर वजनाचाच घोळ आहे. हेरॉइन 250 ग्रॅमच्या वर गेलं की ‘व्यावसायिक प्रमाण’, किमान 10 वर्षं आणि कलम 37 मुळे जामीन जवळपास बंद. पण 2009 पासून पुडीतल्या सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. 300 ग्रॅम भुकटीत पाच टक्के हेरॉइन असेल तर खरा माल 15 ग्रॅम. किरकोळ पुड्या विकणाराही मग मोठ्या तस्कराच्या रांगेत बसतो.

एका घटनेतल्या जोडकलमांना 479(2) लावू नये आणि शुद्ध मालाचं वजन धरावं, या दोन दुरुस्त्यांना एक वीटही लागत नाही. तोवर निदान मुदत भरताच न्यायालयात लेखी अर्ज करण्याचं तुरुंग अधीक्षकांवरचं बंधन तरी दर महिन्याला तपासलं जावं.

– फौजदारी वकिली करणारा एक वाचक, ठाणे