कोपऱ्यातल्या पोरासाठी

फिलाडेल्फिया
रविवार, रात्र

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू त्या पोराचं सांगितलंस ना, कबड्डीत डावा कोपरा खेळणारं, पकडी छान घेणारं आणि आता मला चढाईच शिकवा म्हणून अडून बसलेलं. मी तेव्हा मीटिंगच्या गडबडीत नुसतं हं हं केलं, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. पोराचं म्हणणं काय, तर पेपरात चढाईवाल्याचं नाव आधी येतं आणि पकडवाल्याचं शेवटी, 'त्याला सुरेख साथ दिली' एवढंच. अरे ते खोटं नाहीये. तुझ्या आईने जपलेली तुझी कात्रणं मी बघितलीयेत, सगळ्यांत तू साथच दिलीयस.

म्हणून आज निवांत बसून तुला एका माणसाबद्दल लिहितोय. त्याला तेवढी एक ओळपण मिळायची नाही. एव्हन मॅथिस त्याचं नाव, इथल्या अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन होता, लेफ्ट गार्ड. तू मला कितीदा विचारलंस की नुसते एकमेकांवर आदळतात त्यात बघायचं काय, त्याचं उत्तरपण यातच येईल बघ.

आधी काम समजून घे. बॉल पुढे न्यायचा असतो तेव्हा पुढे पाच जण ओळीने वाकून उभे राहतात, मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, टोकांना दोन टॅकल. प्रत्येकजण साधारण तीनशे पौंड, म्हणजे १३५ किलोच्या घरातला. सेंटर पायांमधून बॉल मागे देतो आणि मग जे काही घडायचं ते पाच-सहा सेकंदांत घडतं, तेवढ्या वेळात या पाचांनी समोरच्यांना थोपवायचं किंवा ढकलून वाट काढायची, आणि त्या वाटेतून पळणारा दुसराच. यांचे नंबर ५० ते ७९ मधले असतात आणि त्या नंबरवाल्याने रेफ्रीला आधी सांगितल्याशिवाय पुढे टाकलेला बॉल झेलायचाच नाही असा नियमच आहे, म्हणजे विचार कर, पाठीवरच लिहिलंय की याला बॉल मिळणार नाही. पळणाऱ्याचे यार्ड मोजतात, फेकणाऱ्याचे मोजतात, लाइनमनचा हात मात्र समोरच्याच्या छातीवरून सरकून बाहेर गेला आणि जर्सी धरली गेली की होल्डिंग, टीम १० यार्ड मागे, आणि रेफ्री माइकवर अख्ख्या स्टेडियमला त्याचा नंबर सांगतो. त्याचं नाव निघणार ते चुकल्यावरच.

मॅथिस अलाबामाचा. २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, तिसऱ्या राउंडला, ७९ व्या नंबरवर कॅरोलिना पँथर्सने घेतला. दुसऱ्या वर्षी १५ मॅच सुरुवातीपासून खेळला, मग पुन्हा बाकावर. मग २००८ मध्ये मायामी, आणि त्याच वर्षी तिथून सिनसिनाटी. तिथे दोन-अडीच वर्षं, कधी अर्धी मॅच कधी काहीच नाही.

हे सगळं एका दमात लिहिलं मी पण त्या माणसाने ते कसं काढलं असेल रे. इथे कॅम्पला ९० जण असतात आणि सीझन सुरू व्हायच्या आधी ५३ वर आणतात, ज्याला काढायचं त्याच्याकडे टीमचा एकजण येतो, कोचने बोलावलंय, प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, घेऊन ये म्हणतो. खेळाडूंनी त्या माणसाला नाव ठेवलंय 'टर्क'. करारात रक्कम कितीही मोठी असू दे, त्यातली बरीचशी पक्की नसते, काढला की विषय संपला. आणि लाइनमनकडे दाखवायला आकडेपण नाहीत की बघा मी इतके केले.

मग २०११. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या भांडणात जुलैपर्यंत लॉकआउट होता, तो उठल्यावर आमच्या फिलाडेल्फियाच्या टीमने, ईगल्सने, त्याला एका वर्षासाठी घेतलं. तिशीला टेकलेला होता. तेव्हा मी इथे नवीनच होतो आणि मलाच काय, कुणालाच त्याचं विशेष वाटलं नव्हतं. पण त्याच वर्षी हॉवर्ड मड नावाचे लाइनचे कोच निवृत्तीतून परत आले होते, आणि मडना नुसते धिप्पाड नाही तर चपळ, पायाने हलके लाइनमन लागायचे. मॅथिसच्या एका बाजूला जेसन पीटर्स, ज्याला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नव्हतं आणि जो आधी दुसऱ्याच जागेवर खेळायचा. दुसऱ्या बाजूला सेंटर जेसन केल्सी, सहाव्या राउंडचं नवं पोरगं. आणि तिथे हा माणूस उमलला रे. मला दुसरा शब्द सुचत नाही. सहा वर्षं जे त्याच्यात होतंच ते दिसायला शेजारी ही दोन माणसं लागली आणि ते बघणारा एक कोच लागला. पुढच्या वर्षी टीमने पाच वर्षांचा करार दिला.

तुला पटेल असं सांगतो. आपल्याकडे कोपरा आणि त्याच्या शेजारचा हातात हात घालून साखळी करतात, आणि कोण कधी सुटून झेपावणार हे बोलून ठरत नाही, हाताच्या ओढीवरून कळतं. गार्ड आणि सेंटरचं तसंच असतं, दोघं मिळून समोरच्या आडदांडाला धडक देतात आणि तो हलला की एकाने त्याला सोडून मागच्या लाइनबॅकरवर, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या फळीतल्या बचाववाल्यावर, जायचं. लवकर सुटला तर आडदांड आत घुसतो, उशीर केला तर लाइनबॅकर वाट बंद करतो. मॅथिस आणि केल्सी हे करायचे ना, ते बघताना मला तू आणि तुझा तो कव्हरवाला आठवायचात, खरंच.

८ डिसेंबर २०१३ ला डेट्रॉइट विरुद्ध मॅच होती आणि मी स्टेडियममध्ये होतो. बर्फ असा की मैदानावरच्या रेषा दिसेनात, किक मारून पॉइंट घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं, हाफटाइमला आम्ही ० आणि ते ८. ऑफिसातला सहकारी सोबत होता, इथलाच, लहानपणापासून ईगल्सवाला. तो म्हणाला बॉलकडे बघूच नकोस आता, फक्त ७१, ६९, ६२ बघ, म्हणजे पीटर्स, मॅथिस आणि केल्सी. मी बघायला लागलो. तिथे कुणाचे पाय ठरत नव्हते आणि ६९ नंबर मात्र गुडघे वाकवून, छोटी छोटी पावलं टाकत समोरच्याला सरकवत नेतोय, आणि मग बॉल घेऊन पळणारा आमचा लशॉन मकॉय त्याच बर्फातून निघून गेला. शेवटच्या क्वार्टरला २८ पॉइंट केले, ३४-२० ने जिंकलो. मकॉयने एकट्याने २१७ यार्ड काढले, ईगल्सचा १९४९ पासूनचा रेकॉर्ड मोडला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे मकॉय, आणि तो होताच तसा, त्यात काही चूक नाही. पण मी ती वाट उघडताना बघितली होती. त्या वर्षी त्या लाइनचे पाचच्या पाच जण १६ च्या १६ मॅच सुरुवातीपासून खेळले, मकॉय लीगमध्ये सगळ्यांत जास्त, १६०७ यार्ड पळाला, आणि मॅथिस ऑल-प्रोच्या, म्हणजे लीगमधल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये आला. ३२ व्या वर्षी!

पुढचं लवकर सांगतो. २०१४ च्या पहिल्याच मॅचला गुडघा गेला, तरी परत येऊन खेळला. २०१५ ला कराराच्या पैशांवरून जमेना, जूनमध्ये टीमने सोडला. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. ऑगस्टमध्ये डेन्व्हरने एका वर्षासाठी घेतला, आणि ७ फेब्रुवारी २०१६ ला सुपर बोल ५०, म्हणजे लीगची फायनल, डेन्व्हर २४, समोरचे १०. आणि समोर कोण, तर कॅरोलिना पँथर्स, जिथून तो सुरू झाला ते! मी घरात एकटा होतो आणि उभा राहून टाळ्या वाजवल्या. नंतर एक वर्ष ॲरिझोना, तिथे दुखापत, आणि संपलं. १२ सीझन, सहा टीम. (त्याला खेळाडूंची जुनी कार्डं जमवायचा नाद, २०१८ मध्ये त्याच्याकडचं १९५२ सालचं मिकी मॅन्टलचं बेसबॉल कार्ड २८ लाख ८० हजार डॉलरला विकलं गेलं, हे त्या पोराला नक्की सांग, पोरांना असलं आवडतं.)

संज्या, त्याला चढाई शिकव, नाही म्हणू नकोस, पण कोपरा सोडवू नकोस. आणि त्याच्या शेजारी कोण खेळतंय ते मला कळव, त्याच्याइतकाच शहाणा कुणीतरी लाव तिथे.

गणपतीला येतोय, तिकीट झालंय. ती बर्फातली मॅच लॅपटॉपमध्ये घेऊन येतो. मंडळाच्या खोलीत पोरांना बसवू, बॉलकडे बघायचं नाही म्हणून आधीच सांगून ठेवू, आणि त्या पोराला माझ्या शेजारी बसव, ६९ नंबर मी दाखवतो.

काकूंना नमस्कार. ती कात्रणं टाकू देऊ नकोस, मला फोटो काढायचेत.

तुझाच,
अव्या