मेलेल्या शाहिराची मुलाखत : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

राजारामपुरीत माझं डीटीपी आणि बाइंडिंगचं दुकान आहे. पीएच.डी.चे प्रबंध टाइप करायचे, रेक्झिनच्या कव्हरवर सोनेरी अक्षरं उठवून द्यायची, हा धंदा.

मध्यंतरी एक प्रबंध आला. परिशिष्टात एका शाहिराची मुलाखत, ‘संशोधकाने प्रत्यक्ष घेतलेली’. टाइप करताना एका कंसाशी हात थांबला : (इथे शाहीर चहा मागतात). हा कंस मी आधी एकदा टाइप केला होता, एका मुलीच्या प्रबंधात. जुनी फाइल उघडली. प्रश्न तेच, उत्तरं तीच, चहाही तोच. तारीख तेवढी नवी घातलेली, आणि त्या तारखेच्या कितीतरी आधी शाहीर वारले होते.

रहस्यकथेत एवढ्यावर चोर सापडला असता. इथं काही झालं नाही. दोघांचे मार्गदर्शक एकच. ती मुलगी आज तासिका तत्त्वावर शिकवते आणि पुढच्या जूनला तिला तास मिळायचे की नाही, यात त्याच सरांचा शब्द चालतो. तक्रार कोण करणार?

वाङ्मयचौर्य रोखायला विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत, मान्य. साम्य १० टक्क्यांपर्यंत माफ, ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. पण साम्य मोजणारं यंत्र, म्हणजे संगणकातलं सॉफ्टवेअर, ते मोजणार कसं? जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, आत मात्र सगळी रोमन अक्षरांची खिचडी असते. स्कॅन केलेला प्रबंध म्हणजे तर नुसते फोटो. ‘युनिकोड नको, जुन्याच फॉन्टात करा’ असं बजावणारं गिऱ्हाईक आलं, की मी काय ते समजतो. इंग्रजी किंवा कन्नड पुस्तकातून उतरवून मराठी केलेलं प्रकरण तर या यंत्राच्या हाती लागणं त्याहून अवघड.

यंत्राचं राहू द्या. तक्रार झालीच तर पहिली चौकशी विभागातल्या समितीकडे, आणि तिचे अध्यक्ष विभागप्रमुख. विभागाबाहेरचा एक सदस्य असतो, तोही त्याच संस्थेच्या प्रमुखांनी नेमलेला. वर्षानुवर्षं एका स्टाफरूममध्ये बसणाऱ्यांनी एकमेकांची चौकशी करायची!

आयोगाचा नियम बदलणं आपल्या हातात नाही, हे कळतं. पण राज्यातल्या विद्यापीठांना आपला विभाग सूचना देऊ शकतो. मराठी प्रबंधाची प्रत युनिकोडमध्येच घ्यावी. मुलाखतींचं मूळ ध्वनिमुद्रण ग्रंथालयात जमा झाल्याशिवाय तोंडी परीक्षा लावू नये. चौकशीला दुसऱ्या विद्यापीठातले, तो विषय मराठीतून जाणणारे अध्यापक असावेत. आणि तक्रार करणारी व्यक्ती तासिका तत्त्वावर असेल, तर निकाल लागेपर्यंत तिच्या नेमणुकीचा निर्णय त्या विभागाकडे ठेवू नये. बाकीचं जमेल तेव्हा करा, हे शेवटचं येत्या जूनच्या नेमणुकांआधी करा.

आपला,
एक डीटीपीवाला, कोल्हापूर