हेडसेट घालणाऱ्याचं ठीक, समोरच्याचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

व्हीआर हेडसेटबद्दल, म्हणजे डोळ्यावर चढवून आभासी जग बघायच्या यंत्राबद्दल, पेपरात जे काही छापून येतं त्यात स्क्रीन किती भारी, प्रोसेसर कुठला, किंमत किती हेच असतं, पण चार माणसांत कोणी हे घालून बसलं की बाकीच्यांना कसं वाटतं यावर कोणी बोलतच नाही, म्हणून हे पत्र.

२०२४ मध्ये अमेरिकेत ॲपलचा व्हिजन प्रो हेडसेट आला, ३४९९ डॉलरचा. त्याला बाहेरच्या बाजूने घालणाऱ्याचे डोळे दाखवणारा डिस्प्ले आहे, तेही खरे नाहीत, आधी चेहरा स्कॅन करून बनवलेले! हेतू चांगला आहे, पण डिस्प्ले इतका मंद की उजेडात डोळे धड दिसत नाहीत. वजन ६०० ग्रॅमच्या आसपास, वर बॅटरी वेगळी खिशात. मला तर हे काळ्या काचेच्या गाडीवर बाहेरून ड्रायव्हरचा फोटो चिकटवल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा सोनीने २०१६ मध्येच साधा उपाय केला होता, प्लेस्टेशन व्हीआरमध्ये खेळणाऱ्याला दिसतं ते बाकीच्यांना टीव्हीवर दिसायचं, बस. आमच्याकडे भाचा हेडसेट घालून हॉलमध्ये हातवारे करायला लागला की आई आधी टीपॉय सरकवायची आणि मग "याला झालंय काय" म्हणून आमच्याकडे बघायची, आता टीव्हीवर कास्ट करतो तर तीच ओरडते, "अरे मागून येतोय, मागे बघ!"

कॅमेऱ्याचंही तेच. गुगल ग्लास या कॅमेरावाल्या चष्म्याला रेकॉर्डिंगचा वेगळा दिवाच नव्हता, लोक वैतागले, अमेरिकेत काही बारवाल्यांनी बंदी घातली, २०१५ मध्ये विक्री थांबली. मेटाच्या (फेसबुकवाल्या कंपनीच्या) कॅमेरावाल्या रे-बॅन चष्म्याला २०२१ मध्ये दिवा होता पण इवलासा, आयर्लंडच्या डेटा नियामकाने हरकत घेतली. पुढच्या मॉडेलला दिवा मोठा केला आणि तो झाकला तर रेकॉर्डिंग होत नाही अशी सोय केली. हे आधीच सुचायला काय हरकत होती?

आणि बायकांचा विचार तर कोणी केलेलाच दिसत नाही. वहिनीने भाच्याचा हेडसेट घातला तर मागचा पट्टा बसेना म्हणून आंबाडा सोडावा लागला, काढला तेव्हा टिकली आतल्या फोमला चिकटलेली.

तेव्हा तुमच्या पुरवणीत पुढच्या वेळी रिव्ह्यू छापाल तेव्हा हेडसेट घालणाऱ्यासोबत शेजारी बसलेल्यालाही दोन प्रश्न विचारा, एवढीच विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे